फक्की

पहाटे साडेचारला, विचिटा शहर जिथे संपतं तिथे
व्हर्ना हॉस्टेटलर फक्की मारते.
फक्की कसली, रंगाचा डबा उलटा लावलेला
तीनचाकी गाडा; पण मी फक्कीच म्हणणार,
कारण डोळा तोच, हात तोच,
आणि दोरी जरा ढिली पडली की भांडणही तेच.

बावीस मैदानं. बारांच्या आतली आखूड,
एकोणिसांच्या आतली पूर्ण लांब.
मुलं वाढतात तशी गोलची चौकट वाढते,
चेंडू एका नंबरानं फुगतो.
आईबापांचा आवाज मात्र
पहिल्याच वर्षी पूर्ण वाढलेला असतो.

आठ वाजता ती गाडा सोडून टेबलावर बसते.
ओळखपत्रं. फोटो, जन्मतारीख,
प्लास्टिकच्या आत अडकलेला कुणाचा तरी केस.
जुलैच्या एकतीसला जन्मलास तर थोरल्यांत सर्वांत बारका,
दुसऱ्या दिवशी जन्मला असतास
तर धाकट्यांत सर्वांत थोराड.
एका रात्रीचं अंतर, खांद्याएवढं उंच.
ही रेघ समितीची. तीही अधूनमधून सरकते
आणि जिवलग दोघे दोन गटांत पडतात.

मग शिडी:
शनिवारची लीग, लीगमधून राज्याचा चषक,
राज्यातून विभाग,
विभागातून जुलैतली राष्ट्रीय स्पर्धा,
जिथे हॉटेलसुद्धा त्यांनी नेमलेलंच घ्यावं लागतं
आणि सकाळी सोळा संघ
एकमेकांकडे न बघता वाफल खातात.
जिंकल्याचे तीन गुण, बरोबरीचा एक,
हरल्याला संत्र्याची फोड.

गुण सारखे झाले तर?
आधी आपसातला सामना. तोही बरोबरीत, तर गोलफरक.
पण गोलफरकालाही कुंपण:
एका सामन्याचे चारच धरायचे, पोरं कितीही करोत.
पडलेल्याला आणखी तुडवू नये म्हणून
एका हिवाळ्यात, कॉफी गार होईस्तोवर बोलून
सात हात वर झाले होते. एक व्हर्नाचा.

त्या रविवारी डॉज सिटीचा संघ
चौदा नंबरच्या मैदानावर नऊ-शून्यनं जिंकला.
नववा गोल गोलकीपरचा, विल्मेर त्सोकचा,
पेनल्टीवर, कारण सगळे ओरडले, आता ह्याला देऊ या.
त्यानं हातमोजे काढून गवतावर ठेवले,
नीट, जोडीनं, देवळाबाहेर चपला ठेवतात तसे.

दुपारी फळा भरला.
ओव्हरलँड पार्क सात गुण, डॉज सिटी सात.
आपसात एक-एक.
गोलफरक त्यांचा सहा, यांचा पाच.

प्रशिक्षक एलिसेओ टेबलाशी आला,
कत्तलखान्यातली रात्रपाळी अजून डोळ्यांत.
व्हर्नानं नियमाचं पान त्याच्याकडे फिरवलं,
बोट ठेवलं, आणि आवाज चढायची वाट पाहिली.
तो वाचत राहिला, ओठ हलवत, सावकाश.
मग म्हणाला, "नियम चांगला आहे.
मागच्या वर्षी आम्ही अकरा खाल्ले,
तेव्हा हा हवा होता."
तेव्हाही होता,
असं व्हर्ना म्हणाली नाही.

"मग नववा कुठे राहतो? पोरगं विचारतंय."
"रेफरीच्या कार्डावर."
"आणि कार्ड?"
"खोक्यात. सात वर्षं ठेवायचं असतं."
त्यानं मान हलवली, सात वर्षं म्हणजे बरीच झाली अशी.

बस पश्चिमेला लागली. अडीच तास नुसता गहू.

व्हर्ना चौदा नंबरवर गेली.
रंग मातीत नसतो, गवताच्या पात्यावर असतो;
गवत वाढतं तशी रेघ वर चढते
आणि गुरुवारच्या कापणीत रेघच कापली जाते.
मग पुन्हा खुंटी, पुन्हा दोरी.
पेनल्टीच्या ठिपक्यापाशी टाचेनं उकरलेला
एक छोटा खड्डा होता.
माती आणायला ती लगेच गेली नाही.
डबा कानाशी धरून हलवला.
थोडा रंग होता अजून.