अकरावा गज

लिव्हरपूलच्या चढावरचं घर.
तीन मजले, आणि खाली अर्धा जमिनीत रुतलेला आणखी एक.
विटा लाल म्हणाव्या तर लाल नाहीत,
फार वेळ उकळलेल्या चहाच्या रंगाच्या.
एक लांबीची, एक डोक्याची, पुन्हा एक लांबीची.
मी दरजा खरवडते. सिमेंट काढते, चुना भरते.
विटेला श्वास लागतो, असं आमचे मुकादम म्हणतात
आणि स्वतः जिन्यात दम खात थांबतात.

खिडक्या वर जाताना आखूड होत जातात.
पहिल्या मजल्यावर पाहुण्यांसाठी उंच,
सगळ्यात वर मोलकरणीपुरत्या.
बांधणाऱ्याला माणसांची मापं पक्की ठाऊक होती.

पुढे कठडा नाही.
दगडी कट्ट्यावर शिशात बसवलेले खुंट, एका रांगेत,
पेरभरही उंच नाहीत.
बेचाळीस साली कापून नेले, रणगाडे करू म्हणाले.
झाले की नाही, कुणी सांगत नाही.

शेजारच्या हेटी रिमर, नव्वदीला आलेल्या,
रोज येतात आणि काठीच्या टोकानं खुंट मोजतात.
आज थांबल्या. "हा. अकरावा.
ह्याच्यात नि बाराव्यात आमच्या ॲल्फीचं डोकं अडकलं होतं.
आईनं साबण लावला. मग रेशनचं लोणी.
शेवटी लोहार आला, त्यानं गज वाकवला.
लोण्यावरून आई आठवडाभर बोलत होती,
डोक्यावरून एकदाही नाही."

ॲल्फी आता कुठे असतो, विचारणार होते.
त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.
राहून गेलं.

नकाशात गज सरळ आहेत, चार-चार इंचांवर.
मंजुरी तशीच, शिक्क्यासकट.
मी ग्विलिमच्या भट्टीवर गेले,
पाकिटाच्या मागे एक रेघ काढली, जराशी पोट सुटलेली.
तो काही बोलला नाही. भात्याकडे वळला.

गुरुवारी कठडा आला.
काळा, भाल्यांच्या टोकांचा, ओल्या रंगाचा वास मारणारा.
तपासनीस टेप लावत निघाले.
सात, आठ, नऊ, दहा,
मग त्यांचा फोन वाजला,
आणि मुकादमांनी त्यांना चहाला नेलं.

हेटी रिमरनी अकराव्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत.
बराच वेळ तिथेच ठेवला.
रंग बाहीला लागला.
"अजून थोडं हवं होतं," म्हणाल्या,
"त्याचे कान मोठे होते."