निकेलचा रुपया

कॅम्पातल्या लष्करी हिशेब खात्यात
तेव्हा मी टेम्पररी कारकून.
लढाई संपून दोन वर्षं झालेली,
दिल्लीहून रोज नवं कलम यायचं,
जुन्यावर चिकटवायला खळ पुरायची नाही.

नाईक गेनबा शेलार, इम्फाळहून परत.
डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच.
परिपत्रकात भरपाई तीन बोटांपासून पुढे.
बुटांचे पैसे वजा करून
मी त्याला नवे रुपये मोजून दिले.

एक त्यानं शहाबादी फरशीवर टाकला,
कान देऊन थांबला.
"बंदा वाजत नाही, रावसाहेब."
म्हटलं, चांदी बंद. आता निकेल. कायदा झालाय.
"म्हणजे चांदीपण तिकडेच राहिली,"
म्हणाला, हसला, आणि सही केली
उरलेल्या बोटांनी कागद दाबून धरत.

रात्री नाना पेठेत
धाकट्यानं माझ्या पगारावर लोहचुंबक धरलं.
रुपया टुणकन उडून चिकटला.
बायको म्हणाली, बरं झालं,
निदान कशाला तरी चिकटून राहतोय.

मी हसलो नाही.
फरशीवरचा तो आवाज,
आवाज कसला,
कुणीतरी दाराबाहेर
बूट काढून ठेवल्यासारखा.