डायलआउट

रात्री तीनला, कुणालाही न विचारता,
कॉम्प्युटर स्वतःच बंद झाला, स्वतःच सुरू झाला
आणि निळ्या पडद्यावरून सांगत राहिला, थोडं थांबा.
टेबलावर बारा बोर्ड. अकरांवर प्रोग्राम चढलेला,
बाराव्याच्या पोटात अर्धाच.
सकाळी केबलच्या ड्रायव्हरनं मला ओळखच दाखवली नाही.

आरवीद्सला शुक्रवारी हवे होते.
पाविलोस्ताच्या किनाऱ्यावर मासे धुरावण्याची त्याची खोली,
आल्डरच्या ओंडक्यांचा धूर, सळ्यांना टांगलेले फ्लाउंडर,
दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेले.
माझी नखाएवढी चिप आतली उष्णता मोजते
आणि झडप किती उघडायची ते ठरवते.
दोन हजार अठ्ठेचाळीस बाइट, एवढीच तिची आठवण.
तिनं मला कधी थोडं थांबा म्हटलेलं नाही.

उल्दिसनं किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवून दिला.
म्हणाला, वेल्गा, आता तरी लिनक्स घाल.
एकोणीस वर्षं मी कोपऱ्यातलं एक हिरवं बटण दाबत आले.
इथे बटण नाही.
इथे मेक म्हटलं की ओळींमागून ओळी धावतात:
हा कंपाइल करतो, तो जोडतो, तिसरा आकार मोजून सांगतो.
त्या बटणाखाली इतके जण राबत होते
आणि मी कुणाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

बोर्ड लावला.
तिकडे पोर्टला नुसता नंबर असायचा, सात.
इकडे ती एक फाइल, उघडायची, वाचायची, लिहायची.
उघडायला गेले.
परवानगी नाकारली.

नकटीच्या लग्नाला विघ्नं किती, ते मोजत बसले नाही.
शोधलं, तेव्हा कळलं:
या दारातून बोलायचं तर एका गटात नाव लागतं
आणि त्या गटाचं नाव डायलआउट.
बाहेर फोन लावणारे.

खुर्चीत मागे रेलले मी.

आई लिएपायाच्या टेलिफोन एक्सचेंजात एकवीस वर्षं होती.
हेडफोनच्या पट्टीनं तिच्या केसांत पडलेली वळी
रविवारीसुद्धा जायची नाही.
लोकांचे ट्रंक कॉल ती जोडून द्यायची, रीगा, मॉस्को, मुर्मान्स्क.
समुद्रापलीकडे, गॉटलंडला, तिची सख्खी बहीण.
तिला फोन लावायचा तर अर्ज.
अर्जावर शिक्का, तोच, दोन शब्दांचा.
प्लग तिच्या हातात असायचा
आणि भोक समोर.

मी माझं नाव गटात घातलं.
एक ओळ, पासवर्ड, एंटर.
तरी तेच उत्तर.
मग समजलं, आधी पूर्ण बाहेर पडायचं,
पुन्हा दारातून आत यायचं,
तेव्हा कुठे यंत्र तुमचं नवं नातं मानतं.
बाहेर पडले. (कॉफी केली. बंदरावरून वारा येत होता,
खिडकीची काच हलत होती.)
आत आले.

खुणांची रांग सरकत गेली, पन्नासाव्या खुणेला थांबली.
चिपनं लिहिलेलं सगळं परत वाचून दाखवलं,
एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.
बाराव्या बोर्डावरचा हिरवा दिवा
लागला, विझला, लागला.

ऑसिलोस्कोपचा प्रोग्राम मात्र इथे चालत नाही.
त्यासाठी जुना लॅपटॉप कपाटात ठेवलाय,
वर्षातून दोनदा लागेल, लागू दे.
प्रिंटर अजून रुसलेला.
आरवीद्सला बोर्ड शुक्रवारी नाही, शनिवारी मिळाले;
त्यानं पैशांबरोबर कागदात गुंडाळून दोन मासे दिले,
अजून कोमट.

ते घेऊनच आईला फोन लावला.
आई, मला तुझ्या खात्यात घेतलंय.
ती त्र्याऐंशीची आहे, कानाला कमी येतं,
पण खात्याचं ऐकू आलं.
जरा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली, रात्रपाळी आहे का?
आहे, म्हटलं.
मग गरम मोजे घाल, म्हणाली,
तिथे पाय गारठतात.