नीळ

साखर पेठेतल्या वाचनालयाच्या गच्चीवर
मे महिन्यात, दोन बांबूंना बांधलेल्या चादरीवर
जपान चालू होतं. काळं-पांढरं.
आम्ही सतरा जण, बुडाखाली अजून तापलेली फरशी.
गज्जम सर खालच्या इंग्रजी ओळी वाचून
मोठ्यांदा मराठीत सांगत होते,
म्हणजे सोलापुरीत:
"फौजदार म्हणायलाय, काल रात्री कुठं होतास बे?"
आणि टोकियोतलं ते पोरगं
खरंच तसं विचारल्यासारखं मान खाली घालायचं.

गिरणीचा खजिनदार मेला होता.
पगाराची पाकिटं गेली होती.
आणि पोराच्या खोलीत, तांदळाच्या डब्यामागं
सापडला होता सदरा,
छातीपासून बाहीपर्यंत काळा डाग.

"रगत," सर म्हणाले, खाली ओळ नसताना.
शेंगा फोडायचं थांबलं.

मागून मल्लेशम चिलवेरी बोलला,
चाळीस वर्षं रंगाच्या हौदावर उभा राहिलेला माणूस:
"रगत न्हाई ते. नीळ हाय."
कुणीतरी हसलं. काळ्या-पांढऱ्यात कसली नीळ?
"रगताची कड जागीच वाळती.
नीळ पळती, दोऱ्यादोऱ्यानं.
बघा की. पळालीया."

पुढं सव्वा तास
तो फौजदार घामाघूम हिंडत राहिला
गुत्त्यात, न्हाणीघरात, रेल्वेच्या पुलाखाली;
पोराच्या आईपुढं गुडघ्यावर बसला,
नुसताच बसला,
आणि शेवटी गेला एका म्हाताऱ्या रंगाऱ्याकडं.
रंगाऱ्यानं सदरा उजेडात धरला,
हुंगला,
एकच शब्द बोलला.
सरांनी तो सांगितला नाही.
आम्ही सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.

मल्लेशम पडद्याकडं बघत नव्हता.

"आमच्या व्यंकटीचं हात लाल हुतं," तो म्हणाला,
अजून बत्ती लावली नव्हती कुणी.
"संपाच्या साली. मुकादमाला मारलं कुणी
ते आजपत्तोर ठाऊक न्हाई.
त्या दिशी आमी किरमिजी घातलीवती,
साडेतीनशे चादरी.
चौकीभाईर मी हुबा. माझं बी हात तसलंच.
खिशात घातलं.
साहेब, नाकाला लावून बघा,
एवढंच म्हणायचं हुतं.
न्हाई म्हटलं."

व्यंकटीला किती दिवस ठेवला, कुणी विचारलं नाही.
खाली गल्लीत एक यंत्रमाग रात्रपाळीला
खटाक् खटाक्, आपल्याच तंद्रीत.
चादरीवर पोरगं सुटलं होतं बहुतेक,
फाटकाशी उभं, कुठल्या बाजूला वळावं कळेना त्याला,
तेवढ्यात रीळ संपलं.

बांबू सोडले. चादरीची घडी घालायला
सरांनी एक टोक मल्लेशमच्या हातात दिलं.
टोकाला टोक. दोघं जवळ आले.
त्यानं कापड नाकाशी नेलं, जरा वेळ धरलं.
"धुवा एकदा," म्हणाला,
"टोकियोचा घाम लागलाय."
आणि हात खिशात घालून
जिना उतरला.