एका पानात बसेल असा

नातू म्हणाला, मावशी, कंपनीचा इतिहास लिहून द्या,
एका पानात बसेल असा. फ्रेम करून लावू.
तर लिहिते.

पागनीस तोल वर्क्स. पोलोग्राउंडच्या मागे पत्र्याची शेड,
एक भट्टी, अकरा माणसं,
बारावा साचे भरणारा किशनलाल. त्याला नानासाहेब
माणसांत धरत नसत. म्हणत, तो भट्टीचाच भाग.
आधी शेर ओतले, पावशेर, छटाक.
मग सरकारनं किलो आणला.
सियागंजातून हातगाड्या यायच्या जुने शेर भरून,
तेच वितळवून किलो व्हायचे.
रामबागेतलं घर त्या दोन वर्षांतलं.
हे सगळं ऐकीव. मी रोजकीर्द लिहायला लागले
एकोणसत्तरला.

वजनाच्या पोटाला एक भोक असतं.
ओतीव लोखंड नेमकं कधी उतरत नाही,
कमी पडेल ते शिशानं भरायचं,
वर इन्स्पेक्टरचा ठसा.
त्र्याहत्तरला शिसं महागलं
आणि तीनशे बारा किलोवजनं
बारा-बारा ग्रॅम हलकी गेली.
ठसा कसा बसला, विचारू नकोस.
शनिवारी पोहे-जिलबी असायची.

नानासाहेबांना कळलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत.
धोतर वर खोचून दुकानोदुकानी फिरले,
हात जोडून परत मागितली, भट्टीत टाकली.
मी कीर्दीत लिहिलं : भंगार, नग दोनशे एकाहत्तर.
एक्केचाळीस तोवर
धार, बदनावर, कुक्षीच्या बाजारांत पोचली होती.

पुढचं थोडक्यात.
काटे विजेवर गेले. किशनलाल खोकत गेला.
आता तू जिमचे डंबेल ओततोस,
पाच किलो लिहिलं की पाच किलो,
ठसा कोणी मागत नाही.

झोप येत नाही तेव्हा मी हिशेब करते.
एका वजनाची दिवसाला पन्नास तोलणी धरली
तर एक्केचाळिसांची रोज साडेचोवीस किलो ज्वारी
कुणाच्या तरी पिशवीत पडलीच नाही.
पन्नास जास्त होतात का? तीस धरून बघते.
मग वर्षं गुणायला घेते, आणि कुठंतरी हातचा विसरतो.

मंडईत अजून एखाद्या गाडीवर लोखंडी किलो दिसतो.
मी उचलून उलटा करते, पोटात शिसं बघते.
भाजीवाला म्हणतो, सही है अम्मा, रख दो.
ठेवते. वांगी घेते.

एका पानात बसत नसेल
तर रामबागेच्या घरापर्यंतचं तेवढं घे.