अडतीस लिटर

तौर मॅडमचा फोन आला हॅलिफॅक्सहून.
तिथं मध्यरात्र, लेकाच्या बोटीवर हातभर बर्फ.
इथं पैठणला साडेनऊ,
मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलेलं.
"माझ्या नावेतलं गोडं पाणी काढून घ्या," म्हणाल्या,
"पाईपात थेंब राहता कामा नये."

सत्तावीस वर्षं बोअरच्या मोटारी भरतोय.
ज्यानं बोलावलं त्यानं पाणी आणायला बोलावलं.
नळ कोरडा करायला
पहिल्यांदाच कुणी बोलावलं.

फाल्गुन लागला तसं धरणाचं पाणी
लिंबाजी भोयाच्या खोपीपासून हाकेच्या पल्याड गेलेलं.
नाव भेगाळल्या गाळावर, एका कुशीवर कललेली.
शीड घडी घालून खाटेखाली,
डोलकाठीला लिंबाजीची जाळी वाळत.

मेसेज येत राहिले, एकामागून एक.
मॅडम भूगोल शिकवायच्या,
पाईपाचा रस्ताही नदीसारखा सांगतात:
टाकीपाशी उगम, पंपापाशी वळण,
पुढं दोन नळ्यांचा संगम,
शेवटी बेसिन, दोन मोसंब्या धुण्यापुरतं.
"वळणात पाणी दडून बसतं. तिथं नीट बघा."

झाकण उघडलं.
मी बादली शोधतोय तोवर
केसरबाई घागर घेऊन उभी,
मागं सून, दोन तेलाचे डबे,
नातवाच्या हातात तांब्या.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
मॅडमच्या मेसेजात होतं: पाणी खाली सोडून द्या.
तेवढा एक मेसेज
मी आवाज बारीक करून ऐकला.

पंप मारत राहिलो पायानं.
आधी धार, मग करंगळीएवढी,
मग जेवताना ठसका लागावा तसं काहीतरी,
मग नुसती हवा.
पंक्चरवाल्याचा नजीर सायकलचा पंप घेऊन आलेला,
त्यानं नळीत फुंकलं
तर वळणातून ओंजळभर निघालं.
पोरानं ते तोंडावर मारून घेतलं.
मी नको म्हणालो नाही.

गाळणीत क्षाराचा पांढरा थर, एक वाळका कोळी.
लिंबू चोळून उन्हात ठेवली.

"आता ते गुलाबी औषध ओता," मॅडम म्हणाल्या,
आणि स्वतःच हसल्या. "नाही नाही, ते इकडचं.
इकडं पाणी गोठतं, फुगतं, पाईप फोडतं."
आमच्याकडं पाणी एवढं थांबत नाही, मॅडम.
"मग तिकडं काय जपायचं?"

ऊन, म्हणालो. रबर तडकतं.
आणि कुंभारीण माशी.
नळाचं तोंड उघडं दिसलं
की चैत्रात तिचं मातीचं घर तयार.
वायसरला एरंडेल लावलं, नळाला फडकं कोंबलं.
हे कुठल्या पुस्तकात नसावं.
मॅडमनी लिहून घेतलं.

"किती निघालं?"
अडतीस लिटर.
"टाकी चाळीसची आहे."
पलीकडं शांतता. वही तपासताना असते तशी.
"दोन लिटर कुठंय?"

पुन्हा पालथा पडलो, बॅटरी दातात धरून.
एकेक वळण ठोकलं, कान लावला.
कोरडं. सगळं कोरडं.
घामानं डोळे चुरचुरायला लागले
तेव्हा बाहेरून केसरबाईची हाक:
"या की, मिस्तरी. निवू राहिला."

कप हातात घेतला आणि पातेल्याकडं बघितलं.
घागर भरायच्या आधीच
तिनं पहिली धार पातेल्यात धरलेली.
सात माणसं, सात कप, आणि शेळीपुढं उरलेलं टोपलं ओलं.
"सापडलं, मॅडम," म्हणालो. "पाईपात नाही."

टाकीवर खडूनं लिहिलं:
रिकामी आहे. पंप मारू नये.
लिंबाजीनं वाचून दाखवायला लावलं.
मग म्हणाला, "आन भरायला कवा येता?"

लांब, पत्रा अंथरावा तसं पाणी चमकत होतं.
खडू अजून हातात होता.
खाली लिहिलं: पुन्हा भरण्याची तारीख.
पुढं दोन बोटं जागा सोडली.