खांदेपालट

रात्री दीडला माझा बाप विवरात उतरतो,
ओल्या फडक्याची घडी दातांत धरून.
इजेनच्या पोटात पुरलेल्या नळ्यांच्या तोंडून
गंधक ठिबकत असतं, लालभडक,
काकवीसारखं दाट.
जमिनीवर पसरता पसरता नारिंगी होतं,
मग पिवळं.
तो पहारीने ते फोडतो.
म्हणतो, ताजं असलं की जरा लवतं,
शिळं काचेसारखं तुटतं.
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मला शिकवलं.
मलांगला, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर,
दोन काचांमध्ये चिमूटभर गंधक वितळवून
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं.
आधी सुया धावल्या,
लांब, पारदर्शक, एकमेकींना कापत.
मग पारा पंच्याण्णवाच्या खाली आला,
नव्वद, ऐंशी,
आणि काहीच झालं नाही.
बाई म्हणाल्या, थांब.
थांबले. जेवण बुडालं.
दुपारी कधीतरी एका कोपऱ्यातून
धुरकट कड निघाली
आणि एकेक सुई पुसत पुढे सरकली.
पुसत नव्हती खरं तर.
आठ अणूंचं कडं होतं तसंच होतं,
कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.
पंगत तीच, माणसं तीच,
सगळ्यांनी फक्त मांडी बदलली होती,
जरा दाटीने बसली होती.

सुट्टीत घरी हे सांगितलं.
बाप कोमट पाण्यात पाय सोडून बसला होता.
"किती वेळ लागतो याला?"
काही तास. कधी दिवसही.
"म्हणजे मी चढत असतो तेव्हा?"
हो.
"आणि उतरताना?"
तेव्हाही.
"बिऱ्हाड त्याचं,
आणि हमाली माझी?"
आई तुमिना चुलीपाशी हसली.
तो नाही हसला.
उजव्या खांद्यावरचं आवाळू चोळत राहिला,
बावीस वर्षांचं,
लिंबाएवढं.

दुसऱ्या पहाटे मी कड्यावर त्याची वाट पाहिली.
धुरातून आधी कावड दिसली, मग तो.
उताराला लागलो. वजनाच्या झोपडीत
सुपार्दीने आकड्याला टोपल्या टांगल्या:
चौऱ्याहत्तर किलो.
पावतीवर चौऱ्याहत्तर लिहिलं, शिक्का मारला.
काट्याला वजन कळतं, बैठक कळत नाही.
आत सुया मोडून दुसरं काही उभं राहत होतं
किंवा राहून झालं होतं,
सुपार्दीने कॉफीत साखर ढवळली.

तिथून खाली वाट रुंद होते.
मुलं साच्यात ओतलेली गंधकाची कासवं विकत होती.
एक मी घेतलं, मुठीत धरून कानाशी नेलं:
तट्.
मुठीची ऊबही त्याला सोसत नाही.
बापाकडे दिलं.
त्याने ऐकलं. पुन्हा ऐकलं.
मग कावड न उतरवताच म्हणाला,
हाच.
हाच आवाज टोपलीतून येतो रोज,
अंधारात, चढ संपत आला की.
मला वाटायचं
माझं हाड आहे.

बावीस वर्षं त्याला वाटत होतं.
आईला सांगितलं नव्हतं,
डॉक्टरलाही नाही.
मी त्याला समजावू लागले:
नव्या बैठकीला जागा कमी लागते,
म्हणून आत ताण येतो, तडे जातात,
गार होतानाही जातात,
त्यात घाबरण्यासारखं काही...
तो ऐकत होता की नाही कोण जाणे.
कासव त्याने खिशात टाकलं होतं.

वळणावर थांबला.
बांबू मानेमागून सरकवला,
उजव्याचा डाव्यावर,
सवयीने, पावलाची लय न मोडता.

तट्.

दोघांनीही ऐकलं.
मी टोपलीकडे पाहिलं,
तो समोर.